मागची गाडी

ट्रिपचं ठरवायला चौघं मित्र कवळीच्या दवाखान्यात जमले, कारण तिथे बसायला तीन खुर्च्या होत्या आणि झोपायला एक. झोपायच्या खुर्चीवर मामा होता. मामा बेकरीत कामाला. जग झोपतं तेव्हा त्याची भट्टी पेटायची, त्यामुळे संध्याकाळी त्याला कुठेही टेकवलं की तो घोरायला लागायचा. कवळीने त्याच्या तोंडावरचा दिवा मुद्दाम चालू ठेवला होता.

"असू दे," ती म्हणाली. "तोंड आयतंच उघडं आहे. जाता जाता एखादी दाढ काढून घेते."

कवळी दातांची डॉक्टर. शाळेत जिन्यावरून पडून पुढचे दोन दात गेले तेव्हा तिला हे नाव मिळालं, आणि पुढे तिने धंदाही असा निवडला की नाव सुटायची आशाच संपली.

लांब्या खिडकीशी उभा होता, काचेच्या कडेवरून बोट फिरवत. तो काचा बसवायचा. कोणाच्या घरी गेला तरी आधी खिडकीची विचारपूस करायचा, मग माणसांची.

आणि चौथा टाइम्या, ज्याची ही गोष्ट.

टाइम्या बस डेपोत बसून गाड्यांची वेळापत्रकं बनवायचा. कुठली गाडी कधी सुटेल, कुठे किती थांबेल, कुठला ड्रायव्हर कुठे उतरून कुठे जेवेल. लोकांना वाटतं गाडी ड्रायव्हर चालवतो. खरं तर ती टाइम्या चालवायचा, टेबलावर बसून. डेपोतली माणसं कमी होत गेली तसं शेजारच्या टेबलांचं कामही त्याच्याच गळ्यात आलं, आणि तेव्हापासून तो दमलेला होता. आजारी नाही, दुःखी नाही, नुसता दमलेला. झोपायला जायचा तो दमून आणि उठायचा तोही दमून, जणू रात्रभर दुसऱ्याच कोणाच्या वाटची झोप काढून आलाय.

"हे बघा," त्याने फोनवरचा नकाशा पुढे केला. "सकाळच्या ट्रेनने वरच्या गावात. तिथे तळघरात वाइन चाखायची. मग द्राक्षांच्या मळ्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी खाली तळ्यावर. काठाला जेवण. मग लाँचने पलीकडच्या धक्क्यावर. रविवार."

"चाखून थुंकायची असते म्हणे," कवळी म्हणाली. "माझ्याकडे लोक रोज थुंकतात. त्यासाठी एवढ्या लांब कशाला?"

"मी नाही थुंकणार," मामा डोळे मिटूनच बोलला.

"जागा आहेस होय रे?"

"दाढेचं ऐकलं तेव्हापासून जागा आहे."

सगळे हसले. टाइम्याही हसला, पण जरा उशिराने. हल्ली त्याचं असंच व्हायचं. विनोद पोचायला वेळ लागायचा.

ही शेवटची ट्रिप होती. लांब्या कायमचा चालला होता. समुद्रापलीकडे त्याच्या जुन्या उस्तादाचं काचेचं वर्कशॉप होतं, उस्ताद थकले होते, आणि ते लांब्याच्या हवाली करणार होते. पण मोठी काच एकट्याला उचलता येत नाही. दुसऱ्या टोकाला भरवशाचा माणूस लागतो, जो पाऊल टाकायच्या आधी सांगेल. लांब्याने टाइम्याला विचारलं होतं.

"तिथे तुला कोणी बस धाडायला सांगणार नाही," तो म्हणाला होता. "दिवसाला चार काचा बसवायच्या, संध्याकाळी हात धुवायचे. माणसात येशील रे. इथे तू संपत चाललायस."

"मला काचेतलं काय कळतं?"

"वेळेवर येतोस, हळू चालतोस. अजून काय लागतं? आणि उत्तर आत्ता नको. तळ्यावर सांग. शेवटच्या धक्क्यावर बसू तेव्हा. हो म्हणालास तर दोन तिकिटं काढतो. नाही म्हणालास तर तिथलाच कोणीतरी बघतो, रुसणार नाही."

टाइम्याचं ठरलं होतं. हो म्हणायचं. त्याने हे अजून कोणाला सांगितलं नव्हतं, घरी ताईलाही नाही. नुसतं हो म्हणायलाही अंगात थोडं बळ लागतं, आणि ते तो रविवारसाठी वाचवून ठेवत होता.

"पण त्याआधी साहेब तालीम करणार," लांब्या खिडकीशी उभ्याउभ्याच म्हणाला.

"करणारच. गुरुवारी सुट्टी आहे मला."

"अरे, तळ्यावर चाललोय की चंद्रावर?" कवळी म्हणाली.

ही त्याची जुनी खोड. डेपोत नवा रस्ता सुरू करायचा तर आधी एक रिकामी गाडी सोडतात. ती सगळ्या थांब्यांवर थांबते, कोणाला घेत नाही, कोणाला उतरवत नाही, नुसता वेळ बघून परत येते. टाइम्या प्रत्येक ट्रिपच्या आधी तेच करायचा. एकटा जायचा, सगळी फेरी मारायचा, कुठे चढ आहे, कुठे संडास आहे, कुठला हॉटेलवाला वेळ खातो ते पाहून यायचा. मित्र त्याला अतिशहाणा म्हणायचे, आणि मग त्याने आखलेल्या ट्रिपला निवांत हात हलवत यायचे.

गुरुवारी तो गेला.

ट्रेन बोगद्यातून बाहेर पडली आणि खाली तळं दिसलं. तळं कसलं, छोटा समुद्रच. वाऱ्याची एक सुरकुती नाही. काठापासून डोंगराच्या खांद्यापर्यंत द्राक्षांचे मळे, दगडी बांधांवर बांध, जिन्यासारखे. टाइम्याला ते बघून बरं वाटलं, आणि मग बरं वाटून घेण्याचाही शीण आला. त्याने काचेला डोकं टेकलं.

ट्रेन थोडी उशिराने पोचली. फार नाही, पण त्याच्या डोक्यातल्या वेळापत्रकात तेवढ्याने एक कुसळ रुतलं.

तळघर गावाच्या टोकाला होतं. पायऱ्या उतरल्यावर ओल्या लाकडाचा आणि आंबूस फळांचा वास. रांगेने पिंपं मांडलेली. एक बाई फडक्याने ग्लास पुसत होत्या. त्यांची बोटं नखांपर्यंत जांभळी होती. टाइम्याला बघून त्या म्हणाल्या, "काय, काही विसरलं का?"

"नाही," तो म्हणाला. "पहिल्यांदाच आलोय. रविवारी मित्रांना घेऊन यायचंय, म्हणून आधी बघायला."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग फडकं खांद्यावर टाकलं. "बघा की," त्या म्हणाल्या.

उभ्या पिंपाचं टेबल केलेलं होतं. त्यावर चार ग्लास, तळाशी लाल थेंब. टाइम्या स्टुलावर बसला आणि लगेच उठला. स्टूल गरम होतं. त्यात भुताखेताचं काही नव्हतं, एवढंच की कोणीतरी आत्ताच उठून गेलं होतं. तरी दुसऱ्याच्या अंगाची ऊब अशी अनपेक्षित लागली की माणूस दचकतोच.

"गर्दी असते का?" त्याने विचारलं.

"चौघंच होते. आत्ताच गेले खाली. हसून हसून नुसता गोंधळ." बाई ग्लास उचलायला लागल्या. "तुम्हाला देऊ थोडी?"

त्याने एक घोट घेतला. चव चांगली होती, पण ती जिभेवर आली तशी निघूनही गेली. वेळ बघितली. त्याच्या हिशोबाने त्याने इथून आत्ता निघायला हवं होतं.

मळ्यांमधून खाली उतरणारी वाट अरुंद होती. दोन्हीकडे बांध, त्यांच्या दगडांतून दुपारची धग येत होती. पानांआड घोस लटकलेले, त्यांवर धुळीसारखा पांढरट थर. वाट वळणावळणाची, त्यामुळे पुढचं काही दिसायचं नाही. ऐकू मात्र यायचं. खाली कुठेतरी चार माणसं चालली होती. शब्द कळत नव्हते. मध्येच एक जण मोठ्याने हसला, तीन तुकड्यांत, बंद पडणाऱ्या हॉर्नसारखा.

मामा असाच हसतो.

टाइम्या थांबला. मग स्वतःलाच म्हणाला, जगात हॉर्नसारखं हसणारा काय एकटा मामाच आहे? आणि चालू लागला. एका वळणावर बांधावर पावाचा चुरा पडला होता. त्याला अजून मुंग्या लागल्या नव्हत्या.

काठाच्या खानावळीत एकच टेबल मोकळं होतं, तेही नुकतंच झालेलं. वेटर ते पुसत होता. वयस्कर माणूस, पाय ओढत चालणारा, हाही दिवसभर दमलेलाच. टाइम्या बसला. खुर्ची गरम होती. यावेळी तो उठला नाही.

वेटरने काही न विचारता त्याच्यापुढे कॉफीचा कप ठेवला. अर्धा भरलेला.

"राहिली होती तुमची," तो म्हणाला. "म्हटलं याल."

"ही माझी नाही हो."

वेटरने कपाकडे पाहिलं, टाइम्याकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला, आणि कप तिथेच ठेवून निघून गेला. इतका दमलेला माणूस वाद घालत नाही. टाइम्याही घालत नाही.

कॉफी काळी होती, कोमट. त्याने वास घेतला. मग, का ते त्यालाच कळलं नाही, पण प्यायला. ती त्याला लागते तेवढीच गोड होती, म्हणजे इतकी की कवळी त्याला दर वेळी दातांवरून शिव्या घालते.

लाँच चुकली. तो धक्क्यावर पोचला तेव्हा ती नुकतीच सुटली होती, पाण्यावर फेसाची वाट अजून ताजी होती. मागच्या कठड्याला चौघं टेकून उभे होते. ऊन समोरून होतं, चेहरे काळे दिसत होते. एक खूप उंच. एक बाई, केस वाऱ्याने तोंडावर आलेले. एक कठड्यावरच डोकं ठेवून झोपलेला. आणि चौथा उलटा वळून काठाकडे बघत होता.

टाइम्याने हात वर केला नाही. त्यानेही केला नाही.

आता सांगायला हवं की टाइम्या भित्रा नव्हता आणि भोळाही नव्हता. त्याच्या धंद्यात हे रोज होतं. एकाच रस्त्यावरची पुढची गाडी रेंगाळली की मागची तिच्या शेपटीला लागते. पुढची सगळ्या थांब्यांवरचे पॅसेंजर उचलत जाते, खच्चून भरते, आत हसणं-खिदळणं, धक्काबुक्की. मागच्या गाडीला उरतात ते रिकामे थांबे. अशा वेळी कंट्रोल रूममधून टाइम्याच सांगायचा, मागच्याला धरून ठेवा. पुढे घुसू देऊ नका. स्टॉपवर थांबवा, अंतर पडू द्या. वर्षानुवर्षं सांगून सांगून ते त्याच्या हाडात मुरलं होतं.

त्याने पुढची लाँच पकडली. तिच्यात तो एकटाच होता. चालवणारा पाठमोरा होता आणि वळला नाही.

लाँचने पलीकडे उतरवलं, तिथून शेवटच्या धक्क्याला जायला काठाने वाट होती. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कंबरेएवढी भिंत. वाट वळली आणि धक्का दिसला. लांबलचक, लाकडी, टोकाला बाक. हाच तो बाक. इथेच लांब्याला हो म्हणायचं होतं.

बाकावर तिघं बसले होते. पाठमोरे. चौथा उभा होता, त्यांच्याकडे पाठ करून, वाटेकडे तोंड करून. टाइम्याकडे तोंड करून.

अंतर फार नव्हतं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

टाइम्या थांबला. छातीत धडधड नव्हती, घाम नव्हता, होता तो फक्त थकवा. सगळ्या रात्रींचा, सगळ्या टेबलांचा. त्याच्या मनात एकच सरळ विचार आला. आज काय घाई आहे? आज तर तालीम आहे. खरी ट्रिप रविवारी आहे.

आणि त्याने अंतर पडू दिलं. भिंतीवर बसला, कोपरं गुडघ्यांवर टेकवली, मान खाली घातली.

मान वर केली तेव्हा धक्का रिकामा होता. लाँचचा आवाज त्याने ऐकला नव्हता.

तो परतला आणि घरी जाऊन झोपला. ताईने जेवायला हाक मारली असावी. मारली नसावी.

दुसऱ्या दिवशी त्याने कवळीला फोन केला. "रविवारी टोपी घे," तो म्हणाला. "मळ्यात सावली नाही."

"आत्ता सांगतोस? नाक सोललंय माझं. आणि रविवारी कुठे?"

"तळ्यावर."

"परत?" ती हसली. "एवढं आवडलं तुला? मला पण आवडलं रे. पण पेशंट आहेत. एका आठवड्यात दोनदा नाही जमायचं."

तो तडक दवाखान्यात गेला. कवळीच्या नाकाचा शेंडा खरंच सोलला होता. ती एका म्हाताऱ्या पेशंटची कवळी घासत होती.

"कवळे, मस्करी पुरे. तुम्ही काल कुठे होतात?"

"आपण काल कुठे होतो," ती म्हणाली. "तूच तर बुधवारी फोन केलास. म्हणालास, रविवारी गर्दी असते, उद्याच उठा. मामाने बेकरीत पोटदुखीचं सांगितलं, मी दोन दाढा पुढे ढकलल्या. काय झालंय तुला?"

"मी फोन नाही केला."

तिने हातमोजे काढले आणि त्याच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली. "झोपतोस का नीट? दमला की माणूस विसरतो. मी एकदा चांगलीच दाढ काढायला निघाले होते."

"फोटो आहेत?"

"एकच. तू काढलेला."

बाकावर ते तिघं. मामाचे डोळे मिटलेले, लांब्याचं डोकं वर कापलं गेलेलं, कवळी जीभ काढून. मागे धक्का, त्याच्या मागे काठाची वाट. वाटेच्या वळणावर, लांब, भिंतीवर एक माणूस बसला होता. कोपरं गुडघ्यांवर, मान खाली.

"हा कोण?" टाइम्याने विचारलं.

कवळीने फोटो मोठा करून पाहिला. "कोण जाणे. असेल कोणीतरी दमलेला." मग तिने फोन खिशात टाकला. "पण खरं सांगू? काल तू किती दिवसांनी माणसासारखा हसलास. मामाची नक्कल केलीस ना, मला ठसका लागला. तसाच राहा रे."

लांब्या घरी सामान बांधत होता. काच कापायची हत्यारं जुन्या टॉवेलात गुंडाळत होता. टाइम्याला बघून तो उठला आणि त्याला मिठीच मारली. लांब्या मिठ्या मारणाऱ्यांतला नव्हता.

"दोन तिकिटं काढली," तो म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी. सकाळची बंदराची ट्रेन, मग बोट."

"म्हणजे मी हो म्हणालो."

"म्हणालास की! आता उलटू नकोस हां. तिकिटं परत घेत नाहीत."

टाइम्या खोक्यावर बसला. म्हणायचं होतं तेच तर झालं होतं. मग छातीत हे रिकामं काय वाजतंय?

"कसं म्हणालो मी? सांग ना."

लांब्याने अजून एक हत्यार टॉवेलात सरकवलं. "तू दिवसभर मागे वळून बघत होतास. तळघरातून निघताना, मळ्यात, लाँचवर. मी विचारलं काय बघतोस, तर म्हणालास, एक जण येतोय मागून. मला वाटलं चेष्टा. मग धक्क्यावर आम्ही बसलो, तू बसलाच नाहीस. किती वेळ उभा. मी म्हटलं, बोल की रे आता, हो का नाही. तर म्हणालास, थांब, तो इथे पोचला तर त्यालाच बोलू दे."

"मग?"

"मग बराच वेळ बघत राहिलास. आणि म्हणालास, बसला तो. नाही येत आता." लांब्याने टॉवेलाची गाठ मारली. "आणि हसलास. म्हणालास, चल, मी येतो तुझ्याबरोबर."

खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"लांब्या," टाइम्या म्हणाला, "तो मी नव्हतो."

"माहितीये," लांब्या म्हणाला आणि त्याच्या पाठीत धपका घातला. "मलाही तसंच वाटलं. नवा माणूस! म्हणून तर खूष आहे."

पुढचा आठवडा टाइम्या स्वतःच्या मागे धावत होता.

डेपोत नोकरी सोडतो म्हणून सांगायला साहेबांच्या केबिनमध्ये गेला. साहेब म्हणाले, "सकाळी सांगून गेलास की. आणि एवढा मजेत होतास, मला वाईट वाटायला पण वेळ दिला नाहीस." टेबलावर आला तर काम झालेलं. अक्षर त्याचंच. चूक एकही नाही.

घरी आला तर ताई ताटं आवरत होती.

"मला वाढ ना."

"बाळ्या, आत्ता जेवलास ना? माझ्या वाटची भाजी पण खाल्लीस. पोट आहे की पिंप?" ती हसत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तिकडे गेल्यावर पण असाच जेवत जा. आज कसा बोललास रे माझ्याशी. आई गेल्यानंतर पहिल्यांदा."

"काय बोललो मी, ताई?"

"चल, नाटकं करू नकोस. परत रडवशील." तिने त्याच्या गालावर ओला हात फिरवला. मग हात तिथेच थांबला. "दमलायस का रे? आत्ता तर बरा होतास."

त्याने पातेल्यातलं उरलेलं खरवडून खाल्लं, उभ्याउभ्याच.

त्या काळात त्याने बरंच काही करून पाहिलं. लवकर उठला. जिने धावत उतरला. कुठेही वाट न बघता घुसला. पण चहा निवलेला असायचा, दार नुकतंच लागलेलं असायचं, खुर्ची गरम असायची. तो वाढत्या वेगाने धावत होता आणि जितका धावत होता तितका दमत होता, आणि जितका दमत होता तितका मागे पडत होता.

फक्त शुक्रवार हातात होता. एकदा ट्रेनमध्ये लांब्याशेजारी जाऊन बसलं की झालं. दोन माणसं एका जागेवर बसू शकत नाहीत.

शुक्रवारी तो गजराच्या आधी उठला. बाहेर छान उजाडलं होतं. ताई कामावर गेली होती. दाराशी ठेवलेली त्याची बॅग नव्हती. लांब्या टॅक्सीने जाणार होता, त्याने जाता जाता उचलली असेल, असं टाइम्याने स्वतःला सांगितलं.

हातात भरपूर वेळ होता. रस्ता पायाखालचा होता. तो मध्ये कुठेही थांबला नाही.

फलाटावर पाय ठेवला तेव्हा बंदराच्या ट्रेनचा शेवटचा डबा वळणावर दिसेनासा होत होता.

झाडूवाला फलाट झाडत होता.

"वेळेआधी सुटली?" टाइम्याने विचारलं.

"वेळेवरच की," झाडूवाला म्हणाला, आणि त्याच्या बुटांभोवतीचा कचरा काढून पुढे सरकला.

टाइम्याने फोन काढला. लांब्याने लगेच उचलला. मागे ट्रेनची धडधड होती.

"लांब्या, ऐक. मी स्टेशनवर आहे. चुकली माझी. पुढच्या स्टेशनवर उतर, मी येतो. लांब्या, काच उचलायला मी येणार होतो. मीच हो म्हणणार होतो."

मग लांब्या मोठ्याने हसला.

"अरे येड्या, शेजारी बसून फोन कसला करतोस? हे कसं जमवलंस? दाखव, दाखव तुझा फोन!"

"लांब्या—"

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. कपड्याची सळसळ झाली. मग कोणीतरी विचारलं, अगदी सभ्यपणे, "कोण बोलतंय?"

टाइम्याने तोंड उघडलं.

पलीकडच्याने थोडी वाट पाहिली.

"राँग नंबर आहे रे," तो लांब्याला म्हणाला.

आवाज टाइम्याचाच होता. फक्त भरपूर झोप काढून उठलेल्या माणसाचा.